दुसरा माणूस पाठवा

व्याह्यांनी आणखी एक कुलूप उचललं, कलिंगड पारखावं तसं बोटानं वाजवून पाहिलं आणि मालकाला विचारलं, "आत लोखंडच आहे ना? की वर नुसता मुलामा?"

"साहेब, एक वेळ दार तुटेल, पण हे कुलूप तुटणार नाही," मालक म्हणाला.

"म्हणजे दार घ्यायला पुन्हा तुमच्याकडेच यायचं, असंच ना?" व्याही आपल्याच विनोदावर हसले आणि काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अहो व्याहीबुवा, बोला की काहीतरी. कुलूप तुमच्याही लेकीच्या घराला लागणार आहे."

काका हसले. लेकीच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. लेक-जावयानं नवा फ्लॅट घेतला होता आणि त्याच्या दाराला कुलूप बघायला दोघांचे बाप निघाले होते. व्याही बँकेतले निवृत्त अधिकारी, बोलके आणि हौशी. गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरले की दुकानाची तपासणीच करायचे. काकांची सगळी नोकरी रेडिओ केंद्रावर झाली. तिथे ते नाटकांना आवाज पुरवत. माणसांचे नव्हेत, पावसाचे, घोड्यांच्या टापांचे, कपबश्यांचे, जिन्यावरच्या पावलांचे. पत्र्याची चादर हलवून ढग गडगडवणाऱ्या माणसाला स्वतः तोंड उघडायची वेळ फारशी येत नाही. काकांची ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

दुकानाच्या मागच्या बाजूला नमुन्याची दारं चौकटींसकट उभी केली होती. त्यातलं एक दार वाजलं.

आधी कडी चाचपडली. मग दार कोपरानं ढकलल्यासारखं अडखळत उघडलं, क्षणभर तसंच राहिलं आणि कुणीतरी टाचेनं मागे लोटावं तसं लागलं. काकांनी झटकन मान वळवली. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, कामावरून दमून घरी आलेल्या आईचा हा आवाज होता, आणि तो असा काढणारं पोर त्यांनी एकच पाहिलं होतं.

दाराआडून तो बाहेर आला. अंगात दुकानाचा निळा शर्ट, कानामागे पेन्सिल, ओठांवर मावत नसलेलं हसू.

"काका," तो म्हणाला.

त्याचं नाव कडी. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण सुधारगृहात मुलं एकमेकांना अशी नावं ठेवत आणि तीच टिकत. बंद घरांच्या कड्या काढून आत शिरणाऱ्या टोळीत तो होता. टोळीतले मोठे पळाले, हा सापडला. काका तिथे आठवड्यातून एकदा आवाजांचा वर्ग घ्यायला जायचे. मुलांचे चेहरे बाहेर कुणाला दाखवायची कायद्यानं बंदी, म्हणून त्यांना रंगमंचावर उभं करता यायचं नाही. तेव्हा काकांनी युक्ती काढली, की नाटक करायचं पण पडद्यामागून, नुसतं कानांसाठी. ट्रेमध्ये खडी पसरून चालायचं, ओल्या कापडाचे फटके मारून पंख फडफडवायचे. एक लहानसं खरं दार चौकटीत बसवून ठेवलं होतं, त्याला बिजागऱ्या, कडी, साखळी सगळं होतं. त्या दाराचा एक खेळ चालायचा. पडद्यामागे कुणीतरी दार वाजवायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं, कोण आलं, कसं आलं. कुणी चिडून आलं, कुणी परीक्षेत नापास होऊन आलं, कुणी पाहुणा म्हणून आलं. या खेळात कडीचा हात कुणी धरू शकत नव्हतं. "दारं ऐकत ऐकतच मोठा झालोय काका," तो म्हणायचा, आणि सगळा वर्ग खो खो हसायचा. ज्याला धड चार ओळी वाचता येत नव्हत्या तो, दार नेमकं कुठल्या वाक्यावर वाजवायचं हे कळावं म्हणून, नाटकाची अख्खी संहिता अक्षर अक्षर लावून वाचायला शिकला होता.

आणि आता तो समोर उभा होता.

"ओळखीचा वाटतं?" व्याह्यांनी विचारलं.

सुधारगृहाचा एक नियम होता. अधीक्षकबाईंनी तो पहिल्याच दिवशी काकांना सांगितला होता. सुटून गेलेलं मूल बाहेर भेटलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. चारचौघांत त्याची पंचाईत नको. त्यानं ओळख दाखवली तर आपणही दाखवायची, तीही त्याला हवी असेल तेवढीच. नियम मुलांनाही माहीत होता. कडीनं ओळख दाखवली होती. आधी दारानं, मग तोंडानं.

पण काकांची अडचण वेगळीच होती. लेकीची सोयरीक जमताना बायको म्हणाली होती, "सुधारगृह म्हणू नका हं. वसतिगृह म्हणा. उगाच चार प्रश्न कशाला?" आणि काका वसतिगृह म्हणाले होते. व्याही तेव्हापासून कुठेही गेले की कौतुकानं सांगायचे, आमचे व्याही वसतिगृहातल्या मुलांना नाट्य शिकवतात.

"छे, छे," काका म्हणाले. "वयस्कर माणूस दिसला की हल्ली सगळीच काका म्हणतात."

कडीच्या ओठांवरचं हसू तिथेच थांबलं. तो मागे वळला आणि व्याह्यांनी पसंत केलेलं कुलूप खोक्यात भरू लागला.

एवढ्यावर भागलं असतं तर काकांनी पुढे स्वतःची समजूत घातली असती. पण मालक म्हणाला, "बसवून द्यायलाही आमचाच माणूस येईल. हाच येईल, हाताला फार सफाई आहे," आणि त्यानं कडीकडे बोट दाखवलं. काकांच्या डोळ्यांपुढे लेकीचं घर उभं राहिलं. कपाट, कपाटातले दागिने, दुपारी एकटी असलेली लेक. 'चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या' ही म्हण त्यांच्या मनात आपोआप आली. ज्या पोराला त्यांनी डोक्यावर हात ठेवून नाटकाला उभं केलं होतं त्याच्याबद्दल आली.

"दुसरा माणूस पाठवा," ते म्हणाले.

"का हो?"

"नाही म्हणजे... वय लहान आहे. दुसरा कुणीतरी पाठवा, जाणता."

मालकानं काकांकडे पाहिलं, मग कडीकडे. "काय रे, काही केलंस का तू?"

"नाही मालक," कडी म्हणाला. खोक्याला दोरी बांधताना त्याचे हात जरासुद्धा चुकले नाहीत.

परतताना रिक्षात व्याही बोलत होते आणि काका हूं हूं करत होते. आपण काय केलं ते त्यांना पुरतं कळलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि खोकं नेमकं त्यांच्या मांडीवर ठेवलेलं होतं.

पुढच्या वर्गाला जाऊ नये असं त्यांना वाटलं, तरी ते गेले. मुलांनी आल्या आल्या गराडा घातला. त्यांच्यातला भोंगा नावाचा मुलगा, ज्याला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं, ओरडला, "काका, कडी आला होता रविवारी! आपलं दार दुरुस्त करून गेला!"

खरंच, वर्गातल्या दाराची ढिली झालेली बिजागरी घट्ट बसली होती. काकांनी दार उघडून लावलं, नुसतं पाहायचं म्हणून.

"कोण आलं ओळखा," भोंगा म्हणाला. "मी सांगतो. काहीतरी सांडून आलेलं माणूस."

मुलं हसली. काकांनी खडीचा ट्रे ओढला आणि तालीम सुरू केली. पण त्या दिवशी त्यांचं लक्ष नव्हतं; पावसाच्या जागी त्यांनी घोडा घेतला, आणि मुलांनी एकमेकांकडे पाहून घेतलं.

वर्ग सुटल्यावर अधीक्षकबाईंनी त्यांना ऑफिसात बोलावलं. बाई कडक, कौतुकाच्या बाबतीत अगदी हात आखडता. आज मात्र त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

"तुमचं अभिनंदन करायचं होतं," त्या म्हणाल्या. "कडी सांगत होता. तुम्ही दुकानात गेला होतात, सोबत व्याही होते, आणि तुम्ही ओळख दाखवली नाहीत. म्हणाला, 'मालक समोर होता बाई, काकांनी नियम पाळला.' त्याला वाईट वाटत होतं, तुम्हाला अवघड झालं म्हणून."

पहिली हाक आपणच मारली होती, एवढं कडीनं बाईंना सांगितलं नव्हतं.

"आमचे पगारी लोकसुद्धा विसरतात हो हा नियम. आणि तुम्ही..." बाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "बाकी त्याचं तिकडे काहीतरी बिनसलंय. मालक आता त्याला गिऱ्हाइकांच्या घरी पाठवत नाही म्हणे, गल्ल्याकडेही फिरकू देत नाही. कुणीतरी कान भरले असणार. मालकाला याचं मागचं काहीच ठाऊक नाही, मावशीच्या ओळखीनं लागलाय तो. पण एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलंच, आपल्याला काय नवीन आहे?"

इथे सांगायला हवं होतं. दार लोटलेलं होतं, बाई ऐकायला बसल्या होत्या, कान भरणारा माणूस समोरच्याच खुर्चीत होता. काकांनी तोंड उघडलं.

"तुमच्यासारखी माणसं मिळायला नशीब लागतं," बाई म्हणाल्या.

काकांनी चहा पिऊन टाकला. तो गरम होता, घसा भाजला, आणि त्यांना बरं वाटलं. कुणीतरी थोबाडीत मारली असती तर याहून बरं वाटलं असतं. पण इथे तर जो तो त्यांची आरतीच करत होता, आणि ती थांबवायची त्यांची छाती होत नव्हती.

घरी न जाता ते तडक दुकानात गेले. कडी कुठे बाहेर माल पोचवायला गेला होता. कुलूप अजून बसलंच नव्हतं. दुसरा मिस्त्री आज येतो, उद्या येतो करत होता, आणि लेकीचे दोन फोन होऊन गेले होते.

"तुमचा तो मुलगाच पाठवा," काका म्हणाले.

मालकानं चष्मा कपाळावर चढवला. "तेव्हा नको म्हणालात, आता तोच हवा?"

"माझी चूक झाली. काही कारण नसताना बोललो मी."

"कारण नसताना कुणी असं बोलतं का साहेब? मला खरं सांगा. मी पोराला दुकानाची किल्ली द्यायच्या विचारात होतो. तुमच्या बोलण्यानं हात आवरला."

खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि मग कडीला किल्ली राहिली बाजूला, कामही गेलं असतं. काकांनी आयुष्यभर पत्र्याचे ढग गडगडवले होते, पण असं खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "आमच्या शेजाऱ्यांकडे यानं काम केलंय," ते म्हणाले. "त्यांनी फार नावाजलं. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पोर प्रामाणिक आहे हो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा."

"बघू," मालक म्हणाला. "काम कसं करतो ते बघून मला फोन करा." त्या 'बघू'वर काकांना परतावं लागलं.

ठरल्या दिवशी काका सकाळपासून लेकीकडे जाऊन बसले. व्याहीही आले होते. कुलूप बसणार म्हटल्यावर ते घरी राहणं शक्यच नव्हतं. बेल वाजली. कडी दारात उभा होता, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"नमस्कार साहेब. कुलूप बसवायचंय ना?"

त्यानं काकांनाही साहेब म्हटलं. व्याह्यांना म्हटलं तसंच, त्याच सुरात.

व्याही खुर्ची घेऊन दारापाशीच बसले. कडीनं पेन्सिलीनं दारावर खूण केली, काटकोनी गुण्या लावून तपासली आणि पटाशी चालवायला लागला. लाकडाच्या पातळ ढलप्या जमिनीवर पडू लागल्या. काका तिथेच घुटमळत होते. व्याही पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात ते खाली वाकले.

"कडी, अरे, त्या दिवशी..."

"साहेब, जरा दार धरता का? हलतंय."

काकांनी दार धरलं. पलीकडून ड्रिल चालू झालं आणि त्यांच्या तळहातांना मुंग्या आल्या. एवढ्या आवाजात काही बोलणं शक्य नव्हतं, आणि कडीनं ड्रिल जरुरीपेक्षा जास्तच वेळ चालवलं.

काम झालं. दार वरच्या बाजूला थोडं घासत होतं, तेही त्यानं न सांगता रंध्यानं साफ करून दिलं. झाडू मागून घेऊन भुसा गोळा केला. लेकीनं चहा आणला तो त्यानं उभ्यानंच घेतला. व्याही किल्ली फिरवून पाहत होते, पुन्हा पुन्हा, नवं खेळणं मिळाल्यासारखे.

"वा रे पठ्ठ्या," ते म्हणाले. "एवढ्याशा वयात? कुठे शिकलास हे सगळं?"

"दुकानात, साहेब."

काकांना आता राहवेना. त्यांना वाटलं, आत्ता बोललो नाही तर मग कधीच नाही. व्याह्यांना काय वाटायचं ते वाटो, लेकीला सासरी काय ऐकावं लागायचं ते लागो. छातीवरचा धोंडा एकदाचा उतरू दे.

"मी ओळखतो याला," ते म्हणाले. "त्या दिवशी दुकानात मी खोटं बोललो. हा माझा विद्यार्थी आहे. माझ्या वर्गात होता हा."

लेक जागच्या जागी थबकली. वडील कुठे शिकवतात ते तिला माहीत होतं.

"हो का?" व्याही खूश होऊन खुर्चीतून उठले. "म्हणजे त्या वसतिगृहातला? अरे मग आधी नाही का सांगायचं? कुठलं रे ते वसतिगृह? मला एकदा यायचंच आहे बघायला."

कडीनं कप खाली ठेवला. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यानं काकांकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर काकांनी तो आनंदानं झेलला असता. पण तिथे फक्त विनवणी होती. मग तो व्याह्यांकडे वळला.

"नाही साहेब, मी कुठल्या वसतिगृहात नव्हतो. मावशीकडे वाढलो. यांना दुसरं कुणीतरी वाटत असेल. मी नाही ओळखत यांना."

तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात उजेड पडला. व्याही उद्या वसतिगृहाची चौकशी करणार, परवा दुकानात जाऊन मालकाशी गप्पा मारणार, आणि बोलता बोलता सगळं बाहेर येणार. दुकानात त्यांनी पोराला ओळखलं नाही ते स्वतःसाठी, आणि आज ओळखत होते तेही स्वतःसाठीच. आपला धोंडा उतरवून ते त्याच्या डोक्यावर ठेवायला निघाले होते. त्याला उभं राहायला केवढीशी जागा मिळाली आहे याचा विचार त्यांनी आजही केला नव्हता.

"बाबा, चष्मा कुठाय तुमचा?" लेक पटकन म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "चष्म्याशिवाय... माझाच घोळ झाला. तो मुलगा वेगळा. याच्याहून उंच होता."

"वय झालं व्याहीबुवा," व्याही हसले.

कडीनं किल्ल्यांचा जुडगा लेकीच्या हातात दिला. "ताई, पावसाळ्यात दार फुगलं तर दुकानात निरोप द्या. मी येऊन बघेन," तो म्हणाला. पिशवी खांद्याला लावली आणि सगळ्यांना मिळून एकच नमस्कार करून तो बाहेर पडला.

व्याही दार उघडून पुन्हा लावून पाहत होते. "लोण्यासारखं चालतंय," ते म्हणाले. "मी आत्ताच फोन करून सांगतो मालकाला, की असा पोरगा सोन्यासारखा जपा म्हणावं. आणि काय हो, तुम्ही त्या दिवशी उगाच दुसरा माणूस मागत बसलात."

काका उघड्या दारात जाऊन उभे राहिले. जिन्यात पावलं उतरत होती, हत्यारांची पिशवी मधूनच कठड्याला लागत होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. शेजारी उभ्या व्याह्यांना ऐकू जायला एवढ्या मोठ्यानं म्हणायची काही गरज नव्हती.

"अहो, त्यात एवढं काय," व्याही म्हणाले.

पावलं एक मजला उतरली, मग आणखी एक. मध्ये कुठेही थांबली नाहीत.